पाण्यावरचा मामा

सन दोन हजार तेवीस. मला एकोणसत्तरावं चालू होतं, आणि माझ्याच घरात माझ्या बापाच्या एका शब्दाची पार माती झालेली होती.

शब्द साधा. मामा.

लोकांच्या घरात मामा म्हणजे आईचा भाऊ. आमच्या घरात मामा म्हणजे थाप. भाजीवाल्याने मेथी आजचीच आहे म्हणून शपथ घेतली की आमची ही त्याच्या तोंडावर म्हणणार, "मामा." त्या बिचाऱ्याला वाटायचं, आजी आपल्याला मानाने हाक मारतेय. तो दोन काड्या जास्त घालायचा. नात ऑफिसातून उशिरा आली आणि घोडबंदरला ट्रॅफिक होतं म्हणाली, की ही लगेच, "ट्रॅफिक होतं का मामा होता?" सकाळी दूध पातळ आलं की पातेल्यात पळी फिरवून, "आज दूध मामा आहे." आणि मी पातळ दुधाचा चहा पीत नाय, कप तसाच परत पाठवतो, म्हणजे सकाळी सकाळी माझ्या समोर दोनदा मामा व्हायचा. सगळी हसायची. मी सोडून.

कारण तो शब्द माझ्यावरून पडलेला.

मी कोपरीचा, मूळचा. आज स्टेशनला उतरून जी बिल्डिंगांची गर्दी दिसते ती नंतर आली, आम्ही आधीचे. बाप मिठागरावर होता. तिसरीत मास्तरांनी विनाकारण कानफटात मारली, तेव्हा मी पाटी तिथेच ठेवून घरी आलो तो परत गेलो नाय. त्याचं मला काय दुःख नाय. पेपर वाचतो, सही करतो, हिशेबात मला कोणी फसवलेलं नाय. हे लिहिलं त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ नातीने बघितलं. दोन-चार ठिकाणी ती म्हणाली, "आबा, असं लिहीत नाहीत." मी म्हटलं, मी लिहितो.

तर शाळा सुटली आणि मी बापाबरोबर कामाला लागलो. थंडीच्या दिवसांत मीठ पडावात भरायचं, पडाव म्हणजे शिडाची मोठी होडी, आणि खाडीतून बाहेर काढून समुद्राने अलिबागच्या बाजूला न्यायचं. तिथल्या कोळ्यांना मासळी खारवायला मीठ लागायचं. मी अकरा वर्षांचा असेन, त्या साली बापाने मला पहिल्यांदा बाहेरच्या पाण्यात नेलं. वारा पडलेला. शीड लुळं झालेलं. पडाव जागच्या जागी डुलत होता आणि मी फळीवर पालथा पडून पाण्यात हात घातलेला. तेवढ्यात खालचं पाणी काळं झालं. मला वाटलं ढग आला. वर बघितलं तर आभाळ साफ.

बाप माझ्या मागे आला, त्याने माझ्या कमरेचा करगोटा मुठीत धरला आणि कानात हळू बोलला, "मामा आला. गप राहा. नाव घेऊ नको."

पडावाच्या अर्ध्याहून लांब मासा. मुशीच्या जातीचा, पण माणसाला काही न करणारा. पाठीवर सगळे पांढरे ठिपके. तो आमच्या फळीला पाठ घासत गेला, म्हैस खांबाला घासते तशी. माझा हात पाण्यात होताच. तो माझ्या हाताखालून गेला. पाठ खरखरीत, पॉलिश पेपरसारखी. शेपूट निघून गेलं तरी बापाने करगोटा सोडला नाय.

नंतर त्याने मला समजावलं. पाण्यावर असताना त्याचं नाव घ्यायचं नाय. नाव घेतलं तर त्याला वाटतं आपल्याला बोलावलं, आणि तो परत येतो, आणि एवढा मोठा पाहुणा नुसता प्रेमाने टेकला तरी होडी उलटते. म्हणून मामा म्हणायचं. मामा भाच्याला बुडवत नाय.

लग्न झालं तेव्हा पहिल्या महिन्यात मी ही गोष्ट बायकोला सांगितली. ही कळव्याची. म्हणजे खाडीच्या पलीकडची, तिचं माहेर आमच्या गच्चीवरून दिसायचं. मला वाटलेलं, खाडीवरची पोरगी आहे, तिला पटेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पडावाएवढा?"

"अर्ध्या पडावाएवढा."

"आणि तुम्ही हात लावला."

"लावला."

"आणि त्याने खाल्लं नाय."

"नाय."

"आणि वर ठिपके." मग ती हसायला लागली. "त्याची आई काय रोज सकाळी त्याच्या पाठीवर रांगोळी काढते?"

दुसऱ्या दिवशी तिने हे माझ्या बहिणींना सांगितलं. बहिणींनी शेजारी सांगितलं. त्या दिवसापासून मामा म्हणजे थाप. पोरं झाली, ती तोच शब्द शिकली. नातवंडं झाली, तीही. मिठागर बंद झालं, मी टेम्पो घेतला, तीस वर्षं शहाड, कल्याण, भिवंडी केली, टेम्पो विकला, आमच्या घराच्या जागी बिल्डिंग उभी राहिली आणि त्यात आम्ही चौथ्या मजल्यावर राहायला गेलो. सगळं बदललं, पण दूध मामाच राहिलं.

मला थापाड्या म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण शब्द माझा नव्हता, बापाचा होता. तो माणूस आयुष्यात खोटं बोलला नाय. मला दुसरं काही नको होतं. घर आहे, पोरं मार्गाला लागलीत, साखर-बीपी ताब्यात आहे. फक्त बापाचा शब्द त्या दुधाच्या पातेल्यातून बाहेर काढायचा होता, आणि तो हिच्याच हाताने. ती म्हणेल तेव्हा घर म्हणेल.

तर त्या तेवीस साली नात ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली जायला शिकली. त्याला ती स्कुबा म्हणते. एक दिवस आली आणि माझ्यापुढे फोन धरला. "आबा, हा बघा तुमचा मामा. व्हेल शार्क."

तोच. तेच ठिपके. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

हिने चष्मा लावून बघितलं. "परदेशातलं असेल."

"आजी, मालवणचं आहे. आपल्याच समुद्रातलं. कोणीतरी मागच्या थंडीत काढलंय."

"फोनवर काय पण दाखवतात. परवा वाघ आणि बकरी एका ताटात जेवताना दाखवत होते."

"अगं आजी, असा मासा असतो. खरंच असतो."

"असेल ना. मी कुठे नाय म्हणते? पण यांनी हात लावला तो मामा."

तेव्हा मी बोललो, "मला पण समुद्राखाली न्या."

मुलगा म्हणाला, बाबा, गच्चीवर जाताना जिन्यात दोनदा थांबता. सून म्हणाली, थंडीत नको. ही म्हणाली, "जाऊ द्या की, तिथून नवीन मामा घेऊन येतील." त्याच्यावर मी ठरवलं. मी एकदा ठरवलं की माझं कोणी बदलू शकत नाय, हे कोपरीत कोणालाही विचारा.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती बघितली, ईसीजीची पट्टी काढली, ट्रेडमिलवर पळवलं. मी पळालो. ते म्हणाले, "आजोबा, या वयात कशाला?" मी म्हटलं, "या वयात नाय तर कोणत्या? पुढच्या?" त्यांनी सही केली.

मग डोंबिवलीला एका पोहण्याच्या तलावात शिकायला. नात दर रविवारी घेऊन जायची. शिकवणारी मुलगी तिच्याच वयाची, मला काका म्हणायची. तिथे मला पहिल्यांदा कळलं की आपण जे शिकलो ते उलटं आहे. खाडीत पोहायला बापाने शिकवलं तेव्हा एकच सांगितलेलं: पाण्याखाली गेलास की श्वास धरून ठेव. आणि ही मुलगी म्हणते, "काका, काहीही झालं तरी श्वास धरायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा." आता साठ वर्षांची सवय. पाणी डोक्यावरून गेलं की छाती आपोआप बंद. ती पाण्याखाली माझ्या छातीवर बोटाने टकटक करायची, दार वाजवतात तसं, मग मी हवा सोडायचो.

आणि दुसरी भानगड दातांची. हवेची नळी दातांत धरायची असते. माझी वरची-खालची पूर्ण कवळी. नळी चावली की कवळी हलते, कवळी हलली की पाणी आत. पहिल्या रविवारी कवळी नळीसकट बाहेर आली आणि तळाला गेली. ती मुलगी हसली नाय, पण शेजारी शिकणारी तीन पोरं पाण्याखाली हसली. पाण्याखाली माणूस हसतो ते बुडबुड्यांवरून कळतं. ती म्हणाली, काका, दात काढून नुसत्या हिरड्यांनी धरा. मी म्हटलं, चारचौघांत दात काढणार नाय. दोन रविवार तसेच गेले. तिसऱ्या रविवारी काढले. हिरड्यांनी नळी अशी घट्ट धरली की ती म्हणाली, काका, आता सोडा, तास संपला.

मालवणला जायचं ठरलं तेव्हा ही म्हणाली, "मी पण येणार."

"तुला होडी लागते."

"लागू दे. तुम्ही येऊन काय सांगाल ते ऐकायला मी घरी बसणार नाय. मी तिथेच बसून बघते मामा कसा होतो."

तर डिसेंबरात आम्ही तिघं मालवणला. सकाळी होडीत बसलो. होडीवाला मालवणचाच, चाळिशीचा. एक डायव्हर मला खाली नेणारा, दुसरा कॅमेरावाला. किनाऱ्यापासून बरंच आत, एका खडकाजवळ नांगर टाकला. हिला पंधरा मिनिटांतच मळमळायला लागलं. लाइफ जॅकेटने गळा आवळतो म्हणून तिने ते काढलं आणि त्याच्यावरच बसली. डोक्यावर पदर, तोंड होडीच्या कडेकडे, आणि हातात माझा रुमाल, रुमालात माझी कवळी.

मी होडीच्या कडेला शिडीवर बसलेलो, अंगाला तो रबराचा घट्ट ड्रेस, पाठीवर टाकी. दोघंही डायव्हर पाण्यात उतरून माझी वाट बघत होते. "आजोबा, या आता हळू," असं मला नेणारा डायव्हर म्हणाला आणि मी सहज पलीकडे बघितलं.

एका माडाच्या अंतरावर पाणी सपाट झालेलं. आजूबाजूला लाटा, आणि मधला तेवढा पट्टा तेल सांडल्यासारखा. त्याच्याखाली काळं. मग एक पंख वर आला, वाकला आणि खाली गेला.

मला परत अकरावं वर्ष लागलं. मी ओरडलो, "मामा! मामा आला!"

होडीवाला ताडकन उठला. "खंय? खंय इलो?"

"तिकडे! मामा!"

त्याने माझ्या बोटाकडे बघितलंच नाय. तो सरळ उलट्या बाजूला, किनाऱ्याकडे बघायला लागला. "अरे देवा. आजी, जॅकेट! जॅकेट घाला पयला! ताई, आजींका जॅकेट घाला बघू!" आणि फळीखालची राहिलेली जॅकेटं ओढून काढायला लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा समजला पोलिसांची बोट आली. आणि मला समजायला पाहिजे होतं. तीस वर्षं टेम्पो चालवलाय. शहाडच्या पुलाच्या अलीकडे मामा उभा असला की समोरून येणारा गाडीवाला दिवा मारायचा आणि खिडकीतून ओरडायचा, "मामा आहे!" मी स्वतः हजार वेळा ओरडलोय. पण पाण्यावर आलो की माझ्या डोक्यात बापाचाच मामा.

"तो मामा नाय," मी म्हटलं, "मामा! मामा!"

नातीने हिच्या अंगात जॅकेट घालता घालता माझ्याकडे बघितलं. "आबा, अजून पाण्यात पण नाही गेलात, आत्तापासून सुरू?"

आणि ही, डोळे मिटलेले, तोंड कडेला, त्या तसल्या हालतीत म्हणाली, "दात काढून ठेवले तरी थापा थांबल्या नाय."

म्हणजे बघा. होडीत चार माणसं, शब्द एक. मला मासा, होडीवाल्याला पोलीस, आणि माझ्या घरच्यांना थाप. कोणी मान वळवून बघेना. एकदा त्याचं खरं नाव घेतलं असतं तर सगळी एका बाजूला धावली असती. नात नंतर मला म्हणाली, आबा, नुसतं शार्क म्हणायचं ना. मी पाण्यावर होतो. पाण्यावर मी ते नाव घेणार नाय, समोर देव उभा राहून म्हणाला तरी नाय. आणि दुसरं असं की माझ्या तोंडात दात नव्हते. दात नसताना शार्क म्हणून बघा. मामा तेवढा स्वच्छ येतो, तो नुसत्या ओठांनी म्हणता येतो.

पाण्यातल्या डायव्हरला वरचा गोंधळ काही कळला नाय. तो म्हणाला, "आजोबा, घाबरलात काय? नको असेल तर राहू दे." ते ऐकल्यावर मी नळी हिरड्यांत धरली आणि उतरलो.

पाण्याखाली हिरवा उजेड. कानात आपल्याच श्वासाचा आवाज, लोहाराच्या भात्यासारखा. डायव्हर माझ्या मागे, त्याने माझी टाकी धरलेली. कॅमेरावाला माझ्या समोर, तोंड माझ्याकडे, पाठ समुद्राकडे. तो हाताने विचारत होता, सगळं ठीक? मी दाखवलं, ठीक. पिवळ्या पट्ट्यांचे बारके मासे माझ्या कानाजवळ आले आणि गेले. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाय. मी कॅमेरावाल्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होतो.

उजेड कमी झाला. वर कोणी ताडपत्री ओढावी तसा.

आणि तो आला. आधी तोंड. माझ्या टेम्पोचं मागचं फाळकं उघडावं एवढं आडवं तोंड, उघडंच. त्याच्या बाजूला डोळा, लिंबाएवढा. एवढ्या अंगाला एवढासा डोळा. गालाच्या मागे पाच पडदे, उघडतायत, मिटतायत. मग पाठ. पाठ संपेचना. ठिपके ठिपके ठिपके, वरचा उजेड त्यांच्यावर हलत होता. कसली घाई नाय त्याला. शेपूट एकदा इकडे, एकदा तिकडे. मला वाटलं, अकराव्या वर्षी मी ह्याच्या पाठीवर हात ठेवलेला, तेव्हा मी याचं काहीच बघितलेलं नव्हतं.

हात लावायचा नाही, असं आधीच सांगून ठेवलेलं. माझा हात पुढे गेला होता, खोटं कशाला बोलू. पण दुसरा हात त्याला जाऊन मिळाला आणि मी नमस्कार केला.

कॅमेरावाल्याला वाटलं, म्हातारा आपल्यालाच हात जोडतोय. त्याने पण एका हाताने नमस्कार केला.

तेवढ्यात माझ्या छातीवर टकटक झाली. मागचा डायव्हर. मी श्वास धरून ठेवलेला, बापाने शिकवला तसा. मी हवा सोडली. एवढे बुडबुडे उठले की काही दिसेना, आणि ते वर गेले तोपर्यंत मामा वळून होडीच्या खालून निघून गेला होता. कॅमेरावाला आता कुठे मागे वळला.

वर आल्याबरोबर माझा डायव्हर ओरडला, "व्हेल शार्क! अरे, व्हेल शार्क आसा!" मी ओल्या हाताने त्याचं तोंड दाबलं. "पाण्यावल नाय," मी म्हटलं. दात नव्हते, त्याला काय समजलं कोण जाणे. पण तो पोरगा हसत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते समुद्राचं नव्हतं. पाच वर्षं तो लोकांना खाली नेतो, त्याने पहिल्यांदा बघितला.

मग मात्र होडीत धावपळ. होडीवाला एका बाजूला, नात दुसऱ्या बाजूला. काही नाय. सपाट पट्टा पण नाय. लाटाच लाटा.

मी शिडीने वर चढलो. ही कडेवर ओणवी होती, तोंड पुसत होती. तिची उलटी होऊन गेलेली. जॅकेट उलटं घातलेलं. चेहरा पांढराफटक. ती काय बोलते म्हणून मी तिच्यासमोर उभा राहिलो, अंगावरून पाणी गळतंय. तिने रुमाल पुढे केला.

"आधी दात घाला," म्हणाली.

किनाऱ्यावर डायव्हर प्रत्येकाला सांगत सुटला. आजोबा नशीबवान, आजोबांच्या पायगुणाने दिसला. मी हिच्याकडे बघितलं. ती नातीला म्हणाली, "त्याचं कामच आहे ते. गिऱ्हाईकाला खूष करायचं."

दुपारी खाणावळीत व्हिडिओ बघितला. सहा मिनिटं माझं तोंड. गाल आत गेलेले, डोळे काचेमागे बटाट्याएवढे. मग मी हात जोडतो. मग बुडबुडे. मग कॅमेरा गर्रकन फिरतो आणि हिरव्या पाण्यात काहीतरी सावलीसारखं हलतं. ते शेपूट, मला माहीत आहे. दुसरा कोणी म्हणेल कॅमेरावाल्याचा पाय.

नात म्हणाली, "आबा, या व्हिडिओत सगळ्यात मोठा प्राणी तुम्हीच." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "माझा विश्वास आहे हं." लहान मुलाला म्हणतात तसं.

मी सुरमई अर्धी टाकून उठलो. मी मासा टाकत नाय.

कुडाळहून दुपारची गाडी पकडली. नात वरच्या बर्थवर गाणी कानात घालून झोपली. मी खिडकीशी, ही माझ्यासमोर. कणकवली गेलं. मी मनात म्हणत होतो, झालं. समोर आला, डोळ्यांनी बघितला, आणि तरी घरी गेल्यावर दूध मामाच असणार. आता काय तो कोपरीच्या खाडीत येणार आहे थोडाच.

ही पिशवीतून शेंगदाणे काढून सोलत बसलेली. बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही ठिपके सांगायचात."

"मग?"

"रेघा पण आहेत."

मी खिडकीतून मान वळवली.

"ठिपक्यांच्या मधून. उभ्या आणि आडव्या. ठिपक्यांची रांगोळी घालतो तशाच, फक्त जोडलेल्या नाय. एवढी वर्षं ठिपके ठिपके करत राहिलात, रेघा एकदा पण सांगितल्या नाय."

"तुला कसं माहीत?"

"मी काय आंधळी आहे? उलटीला वाकले तर खालीच होता. हात सोडला असता तर त्याच्या डोक्यावर पडली असती तुमची कवळी."

गाडी बोगद्यात शिरली. बोगदा संपेपर्यंत मी थांबलो.

"मग तिथे का नाय बोललीस? सगळी माझी मजा करत होती. त्या पोराला खोटं पाडलंस."

तिने एक शेंगदाणा माझ्या हातावर ठेवला. "पाण्यावर बोलायचं नाय ना. तुम्हीच सांगता."

"किनाऱ्यावर बोलायचं होतं."

"किनाऱ्यावर सगळं फिरत होतं माझ्या डोळ्यांपुढे."

"मग आता बोल. नातीला उठवतो, तिच्यासमोर बोल."

"आता मला झोप आलीय," म्हणाली, आणि पदर तोंडावर घेऊन खरोखर झोपली. मी रत्नागिरीपर्यंत एकटाच शेंगदाणे खात बसलो. खूष होतो, पण पुरता नाय. मला तिने मानलं, बरोबर. पण माझ्याशी खासगीत मानून काय उपयोग? घरात शब्द ती चालवते. उद्या पातेल्यात पळी फिरवताना तिच्या तोंडून काय येतं, तिथे कळणार होतं. आणि ही बाई हट्टाला माझ्यापेक्षा एक बोट वरच आहे. हे मी कोणाजवळ बोलत नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी उठलो, कवळी घातली आणि पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली. रोज मी हॉलमध्ये बसतो. दूध आलं. हिने ते पातेल्यात ओतलं. आज नातीने पळी फिरवली, कारण हिचं डोकं अजून गरगरत होतं. नातीने पळी वर उचलली, धार बघितली आणि बोलून गेली, "आजी, आज दूध एकदम मामा आहे."

मी पेपर खाली केला नाय.

"पातळ आहे म्हण," ही म्हणाली.

"काय?"

"दूध पातळ आहे, पातळ म्हण. मामा काय? मोठ्या माणसांचं नाव कशालाही लावायचं नाय."

नात एकदा तिच्याकडे, एकदा माझ्या पेपराकडे बघत राहिली. मग तिने मुकाट्याने चहा केला आणि माझ्यापुढे कप ठेवला. वरून कपाचा तळ दिसत होता. मी तो चहा फुंकर घालून शेवटपर्यंत प्यायलो, बशीतलं सांडलेलं पण ओढलं, आणि कप पुढे करून म्हटलं, "अजून असला तर दे."